बिनहाराचा व्याही

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात गुप्तहेर एकच आहे, आणि तो मी. दुसरा असता तर मला कळलं असतं, कारण मी गुप्तहेर आहे.

नाव अनंत ढोले, मुक्काम आर्णी. एसटीत तिकीट तपासनीस म्हणून हयात गेली. गाडीत चढून एकदा नजर फिरवली की बिनतिकिटाचा माणूस मला बगळ्यांत कावळा दिसावा तसा दिसायचा. वणी-यवतमाळ गाडीत एकदा एक जण गाढ झोपला होता. मी नुसत्या घोरण्यावरून सांगितलं, याचं तिकीट मारेगावपर्यंतचं आहे आणि गाडी करंजीच्या पुढं आली आहे. उठवून पाहिलं तर तंतोतंत. कंडक्टर म्हणतो, हे त्यानंच मला आधी सांगितलं होतं. कंडक्टरची जात मत्सरी.

निवृत्तीनंतर एवढी बुद्धी घरात पडून राहणं देशाला परवडणारं नव्हतं, म्हणून मी तपासाची कामं घेऊ लागलो. माझा सहायक पूनमसिंग राठोड. त्याच्या मते तो ऑटो चालवतो आणि मी त्याची उधारीची सवारी आहे. मोठ्या माणसांच्या सहायकांना आपण सहायक आहोत हे उशिरा कळतं.

तर विठ्ठलरावांची केस. ही माझ्या कारकिर्दीतली एकमेव आंतरराष्ट्रीय केस. बाकीच्या दिग्रसच्या पलीकडं गेल्या नाहीत.

विठ्ठलराव म्हणजे आर्णीतले जुने दालमिलवाले. ऐंशी कधीच मागं टाकली, पण अजून रोज सकाळी मिलवर जाऊन तुरीची डाळ दाताखाली फोडून बघतात. त्यांचा नातू साकेत अमेरिकेत इंजिनिअर आहे, आणि तिथल्याच टेसा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं. ठरलं नव्हतं, ठरत आलं होतं. तिथंच घोडं अडलं होतं.

विठ्ठलरावांनी मला निरोप धाडला की भेट अत्यंत गुप्त आहे. गेलो तर ओसरीवर ते स्वतः, सून विमलताई म्हणजे साकेतची आई, विठ्ठलरावांची थोरली बहीण पंचफुलाबाई आणि भाजी निवडायला आलेल्या दोन शेजारणी. आर्णीत याहून गुप्त काही होत नाही.

"जेवला का रे अनंता?" पंचफुलाबाईंनी पहिला प्रश्न टाकला. नव्वदीच्या या बाईंना दिसतं कमी, ऐकू येतं त्याहून कमी, आणि माणूस दिसला की त्या एवढंच विचारतात. मी हो म्हटलं. गुप्तहेराच्या कामात असल्या प्रश्नांना महत्त्व नसतं.

"अनंता," विठ्ठलराव म्हणाले, "पोरीकडचा बुढा आपल्याशी बोलत नाई."

"कोणता बुढा?"

विमलताईंनी मोबाइल पुढं केला. व्हिडिओ कॉल चालू असताना त्यांनी एक फोटो पकडून ठेवला होता. सोफ्यावर टेसा, तिचे आई-वडील आणि कडेला साकेत. मागं भिंतीवर भलं मोठं रंगवलेलं चित्र. त्यात एक गृहस्थ. लांब कोट, गळ्याशी पांढरा रुमाल, खांद्यापर्यंत रुळणारे पांढरे कुरळे केस, आणि चेहरा असा की जणू समोरच्याचं तिकीट फाटकं निघालं आहे.

"हे ओबादाया हॉलोवे," विमलताई म्हणाल्या. "टेसानं पहिल्याच दिवशी हात करून दाखवलं. म्हणाली, आमच्या घरातले सगळ्यांत मोठे. मिलचे मालक. त्यांचं नाव निघालं की सगळं घर ताठ बसते."

"आता मले सांग," विठ्ठलराव म्हणाले, "मी घरातला मोठा, ओबाजी त्यायच्या घरातले मोठे. मी बी मिलवाला, ते बी मिलवाले. दर रविवारी फोन होते. पोरगी बोलते, तिची माय बोलते, बाप बोलते. ओबाजी एक दिवस फोनवर आले नाईत. व्याह्यानं व्याह्याले राम राम करू नये? जवरीक ओबाजी माह्याशी दोन शब्द बोलत नाईत, तवरीक हे लगन होत नाई."

विमलताईंनी पदर डोळ्यांना लावला. साकेतनं कळवलं होतं की तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरा, त्याला तेवढीच सुट्टी आहे. नाही जमलं तर ती दोघं तिकडंच सह्या करून मोकळी होतील. एकुलत्या एका पोराच्या डोक्यावर अक्षता टाकायला मिळणार नाहीत, या धास्तीनं माउली निम्मी झाली होती. साकेतचे वडील मिलवर बसतात आणि घरच्या भानगडींत पडत नाहीत. विठ्ठलरावांचा शब्द तिथं शेवटचा.

दारात उभा असलेला पूनमसिंग म्हणाला, "त्यात काय एवढं? साकेतले इचारा ना फोन करून."

"पोराले नाई इचाराचं," विठ्ठलराव कडाडले. "पोरगा त्या बाजूचा साक्षीदार झाला."

"मंग पोरीले इचारा."

"तोंडानं इचारलं म्हणजे आपन खाली आलो. आपल्याले न इचारता कळलं पायजे."

आणि न विचारता कळणं हाच तर माझा धंदा.

मी चष्मा पुसला, मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, आडवा केला. मग मी माझा पहिला निष्कर्ष काढला, ज्यावर पुढची सगळी इमारत उभी राहिली.

"हा माणूस हयात आहे. फोटोला हार नाही."

शेजारणींच्या हातातली भाजी थांबली. खरोखर, हार नव्हता. विठ्ठलरावांच्या बैठकीत भिंतीवर त्यांचे वडील, आजोबा, चुलते, झाडून सगळे चंदनाच्या हारात ओळीनं बसले आहेत. आमच्याकडं माणूस गेला की तेराव्याच्या आत फोटो फ्रेममध्ये आणि हार फ्रेमवर. ज्याला हार नाही, तो जेवायला घरी येणार, हे लहान पोरालाही कळतं.

"शिवाय," मी म्हणालो, "हा फोटो नाही, हातानं रंगवलेलं चित्र आहे. म्हणजे चित्रकारानं माणसाला समोर बसवलं असणार. मेलेला माणूस इतका वेळ ताठ बसत नाही."

"मेलेलाच ताठ असते साहेब," पूनमसिंग म्हणाला. मी दुर्लक्ष केलं.

"केस पांढरे पण दाट, म्हणजे घरचं दूध-तूप. कोट जुन्या पद्धतीचा, म्हणजे पैसा असून काटकसरी. रुमाल गळ्याशी, म्हणजे थंडी बाधते. असा माणूस फोनवर का येत नाही? विमलताई, त्यांच्याबद्दल जे जे कानावर आलं असेल ते सांगा. क्षुल्लक वाटलं तरी."

विमलताईंनी आठवून आठवून सांगितलं. ओबाजी तरुणपणी बोटीनं अमेरिकेत आले. येताना अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. जंगल तोडलं, घर बांधलं, ओढ्याला बांध घातला आणि मिल टाकली. एकदा मिल जळाली, त्यांनी पुन्हा उभी केली. बांधाच्या पाण्यावरून शेजाऱ्यानं त्यांना कोर्टात खेचलं. गावात अजून त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

"बोटीनं आले," मी डोळे मिटून म्हणालो. "विमानाला पैसे नव्हते. म्हणजे स्वकष्टाचा माणूस. असे लोक मानी असतात. पण तपास मिलपासून सुरू होईल."

दुसऱ्या दिवशी पूनमसिंगच्या ऑटोनं यवतमाळ गाठलं आणि कापसाच्या बाजारात एका जिनिंगवाल्याला गाठलं. तो वजनकाट्याशी होता. मी त्याला नमस्कार केला, त्यानं मला नुसता हात दाखवला. पुन्हा नमस्कार केला, त्यानं गाड्या दाखवल्या. मला हवं ते मिळालं होतं.

"पाहिलंस पूनमसिंग? हंगामात मिलवाला सख्ख्या भावाशी बोलत नाही. ओबाजींचा हंगाम चालू आहे. केस संपली."

"अन् तिकडे हंगाम वर्षभर चालते का?" पूनमसिंगनं विचारलं. "उन्हाळ्यापासून फोन चालू हायेत म्हनते ताई."

अमेरिकेत सगळंच मोठं असतं, हंगामही असू शकतो. पण विठ्ठलरावांना हे पटलं नाही. "मी भर हंगामात साकेतचं मुंडन करून आलतो," ते म्हणाले. "फोनवर राम राम म्हनाले काय लागते?"

मग मी दुसरी उपपत्ती मांडली, आणि ती मानवी स्वभावाच्या खोल अभ्यासातून आली होती. ओबाजी रुसले आहेत. मुलाकडच्यांनी वडीलधाऱ्याला मानाचं काही पाठवलं नाही, नुसते फोन करून राहिलेत. कोणता मानी माणूस येईल फोनवर? माझ्या लग्नात माझे थोरले मामा एका टोपीवरून मांडवाबाहेर बसले होते ते शेवटी बाहेरच जेवले.

हे विठ्ठलरावांच्या काळजाला भिडलं. "बरोबर हाये. चूक आपली हाये," ते म्हणाले आणि स्वतः तयारीला लागले. घरच्या मिलची तुरीची डाळ. यवतमाळहून आणलेला गुलाबी फेटा. आणि स्वतःचा रंगीत फोटो, काळी टोपी घातलेला.

"फोटो काहून बाबा?" विमलताईंनी विचारलं.

"फेटा कोनी धाडला ते कळू दे. मानसानं मानसाले पाहावं."

पार्सलवर ओबाजींचं नाव टाकलं आणि ते कुरिअरनं रवाना झालं. त्यानंतर विठ्ठलराव रोज विचारायचे, "पोचलं असन का?" बोलताना एकदा मला म्हणाले, "अनंता, माह्या जोडीचा मिलवाला आता आर्णीत कोनी राह्यला नाई. जात्याचे गुळगुळीत झालेले पाटे टाकी मारून कसे टाकवतात, डाळीचा चुरा कसा कमी पाडाचा, हे बोलावं कोनाशी? पोरगा म्हणते, बाबा, मशिनीले कळते. म्हटलं ओबाजी भेटले तर बसू दोघं." मी चष्मा पुसला. धूळ फार असते आर्णीत.

पार्सल पोचलं. रविवार आला. आम्ही सगळे मोबाइलसमोर बसलो. विठ्ठलरावांनी नवी टोपी घातली होती. पडद्यावर टेसा आली, हात जोडून म्हणाली, "राम राम आजोबाजी. डाळ लय मस्त होती." पोरगी साकेतकडून मराठी शिकली होती, त्यामुळं थेट आर्णीची वाटत होती. मग ती बाजूला सरकली आणि मागची भिंत दिसली.

गुलाबी फेटा ओबाजींच्या चित्रावर होता. फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यांवर नीट बसवलेला, तुरा बाहेर काढलेला. खाली ओबाजी तसेच, कोणाचं तरी तिकीट फाटकं असल्यासारखे.

फोन बंद झाला तेव्हा विठ्ठलरावांचा चेहरा पाहवत नव्हता. "माहा फेटा डोक्यावर नाई घेतला," ते म्हणाले. "भिंतीले घातला."

विमलताई माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत आशा होती असं मी तेव्हा समजलो. पूनमसिंगचं मत वेगळं आहे.

मी उठलो आणि ओसरीवर येरझाऱ्या घातल्या. अशा वेळी बुद्धी पायातून वर चढते. "फेटा घरात पोचला," मी म्हणालो. "पण घालायला डोकं हजर नव्हतं. म्हणून डोक्याच्या चित्राला घातला. याचा अर्थ एकच. ओबाजी घरात नाहीत. आता दुवे जोडा. मिलला आग. मग कोर्टाची केस. मग माणूस दिसेनासा. विमा काढलेला असणार, आग लावलेली असणार. विठ्ठलराव, सांगायला वाईट वाटतं, तुमचे व्याही फरार आहेत."

एक शेजारीण अरे देवा म्हणाली आणि बातमी सांगायला घरी गेली. संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर ओबाजी बँक बुडवून दुबईला पोचले होते. तो भाग माझा नाही, तो आर्णीचा.

"मंग तर सोयरिकच नाई," विठ्ठलराव म्हणाले. "विमल, पुढच्या रविवारी मी सोता सांगतो त्यायले. वडीलधारा समोर आना, नाईतर राम राम."

विमलताई उठल्या. आत जाऊन त्यांनी पत्रिकेचा कच्चा नमुना देवघरात देवापुढं ठेवला. मी निघालो तर पंचफुलाबाई दारात. "जेवला का रे?" मी घाईनं हो म्हटलं. "अन् तो?" त्यांनी विचारलं. कोण तो, हे विचारायला माझ्याकडं वेळ नव्हता. माझ्या डोक्यात दुबई होती.

पुढचा रविवार. विठ्ठलराव खुर्चीत ताठ. विमलताईंनी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर टेसा, तिचे आई-वडील, साकेत. मागं फेट्यातले ओबाजी. विठ्ठलरावांनी घसा खाकरला. मीही खाकरला, कारण अडलं तर कायदेशीर बाजू मला सांभाळायची होती.

तेवढ्यात पंचफुलाबाई भिंतीला धरत आल्या, कोणाच्या परवानगीची वाट न बघता खाटेवर बसल्या, मोबाइल ओढून नाकाला लावला आणि चित्राकडं बोट केलं.

"काय वो पोरी," त्या म्हणाल्या. "हा बुढा इतक्या महिन्यांचा ताटकळत उभा हाये. जेवला का तो?"

साकेतनं खालमानेनं तोंडावर हात धरला. टेसा मात्र हसली नाही. तिनं वळून चित्राकडं पाहिलं, मग अदबीनं म्हणाली, "मोठ्या आजी, ते कसे जेवतीन? त्यायले जाऊन तीनशे वर्षं झाले."



"कोण गेलं?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"ओबादाया," साकेत म्हणाला. "आजोबा, ते टेसाच्या खापरपणजोबांच्याही कितीतरी आधीचे. तिच्या घराण्यातला अमेरिकेत आलेला पहिला माणूस. तेव्हा तिकडं इंग्रजांचं राज्य होतं. केस नाहीत ते, त्या काळी घालायचे तो केसांचा टोप आहे. तुम्हाला काय वाटलं?"

पूनमसिंग माझ्याकडं टक लावून बघत होता. मी ओसरीवरच्या पंख्याकडं बघत होतो.

"मग फेटा?" विमलताईंनी हळूच विचारलं.

"आमाले वाटलं, तुमच्याकडे पूर्वजायले मान देतेत," टेसा म्हणाली. "माय रडली. इतक्या लांबून कोनी ओबादायाले फेटा पाठवीन असं वाटलं नोतं."

विठ्ठलराव उठले. कोणाला काही कळायच्या आत ते न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज आला. आमच्याकडं सोयऱ्याच्या मरणाची बातमी उशिरा कळली, तरी कळल्यावर अंघोळ करावी लागते. ते ओल्या अंगानं बाहेर आले आणि विमलताई टॉवेल घेऊन पुढं झाल्या.

"बाबा, सुतक धरायचं का? मुहूर्त जाईन."

मी शास्त्रार्थ सांगायला तोंड उघडलं, पण हवं तेवढं बरोबर ऐकू येणाऱ्या पंचफुलाबाई आधी बोलल्या. "तीनशे वर्षांचं कायचं सुतक? अंघोळ झाली, जेवा आता."

विठ्ठलराव टॉवेलनं डोकं पुसत पुन्हा मोबाइलसमोर बसले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "मंग त्यायचा नाइलाज होता," ते म्हणाले. "मेलेला मानूस फोनवर कसा येईन? मी उगाच मनात धरलं." मग जरा पुढं वाकून, "पोरी, मिल कायची होती त्यायची?"

"पिठाची. मका दळत. गहू बी."

"अन् लाइन गेली तर?"

"लाइन नोतीच आजोबाजी. ओढ्याच्या पान्यावर चाक फिरे."

"बिलच नाई," विठ्ठलराव माझ्याकडं वळून म्हणाले. एका मिलवाल्याचा दुसऱ्याबद्दलचा हेवा मी एवढा निर्मळ कधी पाहिला नव्हता. "अन् ते कोर्टाचं काय?"

टेसानं सगळं सांगितलं. ओबाजींच्या बांधानं पाणी तुंबलं आणि शेजाऱ्याच्या कुरणात शिरलं. शेजारी रात्रीतून बांध फोडायचा, ओबाजी सकाळी परत घालायचे. ओबाजी वारले, शेजारी वारला, तरी पोरांनी केस चालू ठेवली. शेवटी एका घरची पोर दुसऱ्या घरात दिली तेव्हा मिटली, म्हणजे भांडण कोर्टातून स्वयंपाकघरात गेलं.

विठ्ठलरावांची शेजारच्या वावराशी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, केस चालू आहे. वकील दोन वारले, धुरा तिथंच आहे. ऐकता ऐकता त्यांनी मांडीवर थाप मारली.

"धुऱ्याची केस? विमल, पत्रिका छापाले टाक. सोयरिक बराबरीची हाये."

विमलताई देवघराकडं धावल्या. मी समारोप करायला उभा राहिलो. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो," मी म्हणालो, "हा माणूस फोनवर येणार नाही."

"तुमी त्याले दुबईले धाडलं होतं साहेब," पूनमसिंग म्हणाला.

"तपासात प्रवास होतोच."

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पत्रिका छापून आल्या त्या रविवारी, आनंदाच्या भरात पुन्हा फोन झाला. पत्रिकेत ओबाजींचं नाव वधूपक्षाच्या वर, कैलासवासी लावून, गणपतीच्या खालोखाल छापलं होतं. विमलताईंना ते टेसाला दाखवायचं होतं. विठ्ठलराव खुर्चीत, मी त्यांच्या उजव्या हाताला, पूनमसिंग दारात.

पडदा उजळला. टेसाचं घर फुलांनी सजलं होतं. साकेत अजून आला नव्हता. टेसाचा चेहरा उत्साहानं फुललेला.

"साकेतले त्याच्या मायनं सांगतलं, फोटोले हार नोता म्हनून घोटाळा झाला," ती म्हणाली. "मोठ्या मानसायच्या फोटोले तुमच्याकडे हार घालतेत. आमाले काय मालूम? आता आमी घातला."

ती बाजूला सरकली. ओबाजींच्या गळ्यात पिवळ्या फुलांचा घसघशीत हार होता. आणि त्यांच्या शेजारी, सोनेरी फ्रेममध्ये, काळी टोपी घातलेले विठ्ठलराव. त्यांचा हार ओबाजींच्या हाराहून जाड होता. पाहुण्याचा मान म्हणून. खाली दोघांच्या मधोमध मेणबत्ती.

विमलताईंच्या हातातली पत्रिका गळाली. टेसाची आई मागून हात जोडून, डोळे मिटून उभी होती.

पंचफुलाबाईंना गर्दीचा अंदाज आला. "काय झालं वो? कोन गेलं?"

विठ्ठलरावांनी पडद्यावरच्या स्वतःकडं पाहिलं. मग त्यांनी टोपी सरळ केली.

"कोनी नाई गेलं बाई," ते म्हणाले. "विमल, ताट वाढ माह्यं, इथंच. अन् अनंता, तू फोन नीट धर, हात हालवू नको. मी जेवतांनी त्यायले दिसलो पायजे."